बंद दाराआडची विचारपूस

उधना जंक्शनच्या पुलाखाली, जेथे नंदुरबार-जळगावकडच्या गाड्यांची वाट पाहत आपली खानदेशची मंडळी बोचकी घेऊन बसलेली असतात, तेथे गेल्या पावसाळ्यापर्यंत एक मनुष्य बसत असे. अंगात एकावर एक असे तीन सदरे, पाय अनवाणी, दाढी छातीपर्यंत वाढलेली. त्याचा कोणास उपद्रव नसे. गाडी आली की तो उठून डब्याजवळ जाई, खिडकीतल्या माणसाला काहीतरी विचारी, आणि गाडी सुटली की पुन्हा आपल्या जागी येऊन बसे. तो काय विचारी, हे आम्ही कधी थांबून ऐकले नाही. शाळेची वेळ झालेली असे.

एके दिवशी तो दिसेनासा झाला. नववीच्या वर्गात समासाचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, पुलाखालच्या माणसाला काल पोलिसांनी नेलं. कुठे नेलं असेल?"

"दवाखान्यात," आम्ही म्हणालो.

"मग सोडतील कधी?"

"बरा झाला की."

"आणि तो बरा झाला हे कोण ठरवणार? बरा होऊनही नाही सोडलं तर? त्याच्यासाठी विचारायला कोण जाणार, सर?"

आम्ही फळ्याकडे वळलो व द्वंद्व समासाचे उदाहरण लिहू लागलो. त्या विद्यार्थ्यास त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते पुस्तके चाळून आणि जाणत्यांस विचारून आता देत आहोत. उत्तर लांबलचक आहे, कारण आपल्या देशाला ते शोधण्यास दीडशे वर्षे लागली आणि अजून ते पुरतेपणी सापडले आहे असे म्हणवत नाही.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. मराठीत आपण 'वेडा' म्हणतो, आमच्या घरच्या कोंकणीत 'पिसो' म्हणतात, शेजारचा गुजराती दुकानदार 'गांडो' म्हणतो. हे तिन्ही शब्द आपण हसत हसत वापरतो. पण आपल्याच परंपरेत एक निराळी रीतही होती. विदर्भातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना गावातले लोक वेडेच समजत. तरीही गावाने त्यांना हाकलले नाही की कोंडले नाही, उलट त्यांच्या लहरी सांभाळल्या. महानुभाव पंथाने त्यांना ईश्वरावतार मानले आणि त्यांचे चरित्र लिहून ठेवले. आज कायद्याच्या भाषेतून 'वेडा' हा शब्द गेला असून त्या जागी 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असे म्हणतात. हे लांबते खरे. पण त्यात 'व्यक्ती' हा शब्द आहे, आणि पुढील सारे प्रकरण त्या एका शब्दाभोवती फिरते.

मनाचा आजार हा इतर आजारांसारखाच आजार होय. बहुतेक रोगी घरी राहून, औषध घेऊन, आपापला उद्योग सांभाळून बरे होतात. फार थोड्यांच्या बाबतीत अशी वेळ येते की रोग्यास स्वतःचा आजार उमगत नाही, तो जिवावर उदार होतो किंवा दुसऱ्याच्या अंगावर धावतो, अथवा खाण्यापिण्याचीही शुद्ध राहत नाही. अशा वेळी त्याच्या इच्छेविरुद्धही त्याला रुग्णालयात ठेवून घ्यावे लागते. ते करणारे डॉक्टर व परिचारिका हे काही कोणाचे शत्रू नव्हेत. अल्प साधनांनिशी आणि अपुऱ्या माणसांनिशी ते हे अवघड काम करीत असतात.

तथापि येथे एक विलक्षण गोष्ट घडते. चोरी करणाऱ्यास तुरुंगात धाडताना त्याच्यावर आरोप ठेवला जातो, वकील उभा राहतो, न्यायाधीश शिक्षेची मुदत सांगतात. कैदी कोठडीच्या भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजू शकतो, कारण त्याला सुटण्याची तारीख ठाऊक असते. मनोरुग्णाने कोणताही गुन्हा केलेला नसतो, आणि म्हणूनच त्याच्या कोंडण्याला पूर्वी तारीखही नसे. तो "मी बरा आहे, मला सोडा" म्हणाला तर तेही आजाराचेच लक्षण ठरे. मारहाण झाल्याची तक्रार केली तर त्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? ज्याचे बोलणे अगोदरच खोटे धरले गेले आहे, त्याच्यासाठी बाहेरून कोणीतरी येऊन पाहावे लागते. या पाहण्यालाच मानवी हक्कांची देखरेख असे भारदस्त नाव आहे. आम्हांस विचाराल तर जुना मराठी शब्द 'विचारपूस' अधिक बरा.

इंग्रजांनाही ही गोष्ट अगदीच ठाऊक नव्हती असे नाही. १८५८ साली त्यांनी वेड्यांच्या इस्पितळांविषयी कायदा केला. पुढे रत्नागिरी, ठाणे, येरवडा येथील मोठी इस्पितळे उभी राहिली. ठाण्याचे १९०१ सालचे. उंच भिंती, लोखंडी दारे, पहारेकरी असा त्या काळच्या इस्पितळांचा थाट तुरुंगाचाच असे. मग १९१२ साली नवा कायदा झाला. त्यात प्रत्येक इस्पितळावर 'व्हिजिटर' म्हणजे अभ्यागत नेमण्याची तरतूद होती. त्यांपैकी निदान दोघांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन इस्पितळाचा प्रत्येक भाग पाहावा, असा दंडक होता. दंडक उत्तम होता. परंतु जो अभ्यागत अगोदर निरोप धाडून येतो, त्याला धुतलेल्या फरश्या दिसतात आणि इस्त्रीच्या चादरी दिसतात. आपल्याही शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी काय काय होते, हे विद्यार्थिमित्रांस आम्ही सांगावयास नको.

त्याहून वाईट गोष्ट निराळीच होती. कित्येक रोगी इस्पितळापर्यंत पोहोचतच नसत. रस्त्यावर भटकणाऱ्यास पोलीस पकडून दंडाधिकाऱ्यापुढे नेत. इस्पितळ दूर असे किंवा भरलेले असे. मग 'तूर्त सुरक्षित ठेवण्यासाठी' त्याची रवानगी तुरुंगात होई. तुरुंगाच्या दप्तरात अशांसाठी बिनगुन्ह्याचे वेडे असा वेगळा वर्गच असे. हे तूर्त वर्षानुवर्षे चाले. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. याच बाईंनी पूर्वी मुंबईच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेऊन, कोठडीत स्त्रियांना कसे वागवले जाते ते न्यायालयाच्या कानी घातले होते. त्यावरचा निकाल १९८३चा. बंगालच्या तुरुंगांतील मनोरुग्णांची पाहणी करण्यास न्यायालयाने जाणती माणसे धाडली, त्यांचा अहवाल वाचला, आणि ऑगस्ट १९९३मध्ये स्पष्ट निर्णय दिला की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आहे, घटनाबाह्य आहे. एका पत्रकार स्त्रीने विचारले म्हणून हे झाले.

आता ज्या माणसाची हकीकत सांगावयाची आहे तो मराठी मुलखातला नव्हे, आसामातला आहे. पण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर आम्हांस सापडले नाही.

मोरीगाव जिल्ह्यातील सिलसांग गावच्या माचल लालुंग नावाच्या तरुणास १९५१ साली पोलिसांनी पकडले. आरोप कोणास तरी गंभीर दुखापत केल्याचा. वय तेवीसच्या सुमाराचे. त्याची मनःस्थिती ठीक नाही असे दिसल्यावरून त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. तेथे तो राहिला, उपचार झाले, आणि १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा झाल्याचे लिहून दिले. आता एक तर त्याच्यावर खटला चालावयास हवा होता किंवा त्याला घरी जाऊ द्यावयास हवे होते. दोहोंपैकी काहीच झाले नाही. त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात हलवले, आणि मग सर्वजण त्याला विसरले. खटला कधी उभा राहिलाच नाही. या काळात देशाने किती युद्धे पाहिली, किती पंतप्रधान पाहिले, आसामातून नवी राज्ये निघाली. माचल लालुंग कोठडीत होता. अखेर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या लोकांनी अशा विसरलेल्या कैद्यांचा शोध चालवला असता हा म्हातारा त्यांस आढळला. जुलै २००५मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका झाली. तेव्हा तो सत्याहत्तर वर्षांचा होता. चोपन्न वर्षे! पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला तीन लाख रुपये आणि महिना एक हजार रुपये निवृत्तिवेतन देवविले. २००७ साली तो वारला.

या हकीकतीत क्रूर माणूस शोधू गेल्यास सापडत नाही. डॉक्टरांनी वेळेवर दाखला दिला होता. तुरुंगाधिकाऱ्यांनी आलेला माणूस ठेवून घेतला. जो तो आपला कागद पुढच्याकडे सरकवून मोकळा झाला. तेजपूरचा १९६७चा कागद कोणीतरी उघडून वाचता, तर अडतीस वर्षे वाचली असती. विचारपूस म्हणजे पुष्कळदा एवढेच असते: नोंदवही मागून घेणे, तारखा पाहणे, आणि "हा अजून येथे का?" असे विचारणे.

जेथे नोंदवहीच नसते तेथे काय होते, ते तामिळनाडूतील एरवाडीने दाखविले. तेथील दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांस ठेवणारी खाजगी घरे होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एका झापाच्या घरास आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस जण दगावले. दर्ग्याला जाणाऱ्या श्रद्धाळू कुटुंबांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्या गुजरातेत काही लोकांनी ओळखले. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांच्या दर्ग्याजवळच मनोविकारतज्ज्ञांची सोय करण्यात आली. तेथील मुजावर दुआही करतात आणि डॉक्टरांकडेही पाठवतात. या उपक्रमास 'दवा-दुआ' असे गोड नाव आहे.

आता पुलाखालच्या माणसाकडे येऊ. १९८७चा कायदा १९१२च्या जागी आला, आणि त्याच्याही जागी २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तो २०१८च्या मे महिन्यापासून अमलात आहे. या कायद्याप्रमाणे, भटकणारा मनुष्य आजारी व असहाय दिसल्यास त्याला संरक्षणाखाली घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. 'अटक' हा शब्द येथे नाही. त्याला कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही; चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. उधन्याहून म्हणजे सुरतेतच. गरज पडल्यास पुढे मनोरुग्णालयात; गुजरातेत अहमदाबाद, वडोदरा, जामनगर व भूज येथे ती आहेत. आणखी एक तरतूद आम्हांस फार मार्मिक वाटली. अशा माणसाबद्दल पोलीस ठाण्यात 'बेपत्ता व्यक्ती' म्हणून पहिली खबर नोंदवावी लागते, आणि त्याचे कुटुंब शोधणे ही ठाण्याच्या अधिकाऱ्याची जबाबदारी ठरते. मनुष्य समोर उभा आहे, आणि तरी तो बेपत्ता! विचार केला तर हेच खरे आहे. आपल्यापुढे तो उभा असतो. हरवलेला असतो तो त्याच्या घरच्यांना.

रुग्णालयात त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवावयाचे तर एक मनोविकारतज्ज्ञ व दुसरा जाणकार अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. मुदत तीस दिवसांची. म्हणजे आता त्यालाही तारीख मिळाली. भरती केल्याचे वृत्त सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीनच दिवसांत, पुनर्विलोकन मंडळास कळवावे लागते. तीस दिवसांपुढे ठेवावयाचे तर मंडळाची अनुमती हवी, आणि तीही ठरावीक मुदतीपुरतीच. या मंडळावर जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असते, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, डॉक्टर असतात. आणि ज्यांनी हा आजार स्वतः भोगला आहे, किंवा घरच्या माणसाची शुश्रूषा केली आहे, अथवा या क्षेत्रात सेवाकार्य केले आहे, अशांसाठी दोन जागा आहेत. रोग्याला मंडळाकडे अर्ज करता येतो, फुकट वकील मिळतो. त्याला भेटावयास आमदार, खासदार, न्यायाधीश किंवा त्याचा वकील आला तर रुग्णालयाने अडवावयाचे नाही.

कायद्यातील काही वाक्ये वाचताना ती कोणत्या अनुभवातून आली असतील हे सहज ध्यानी येते. रोग्याचे डोके सक्तीने भादरू नये. त्याची इच्छा असल्यास त्याला स्वतःचे कपडे घालू द्यावेत. अंग झाकेल असे वस्त्र द्यावे. काम करण्याची सक्ती करू नये. काम घेतल्यास मोबदला द्यावा. स्त्रियांना मासिक पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू द्याव्यात. साखळीने कदापि बांधू नये. भूल दिल्यावाचून विजेचा झटका देऊ नये. पूर्वी हे सारे घडत होते, म्हणूनच तर ते लिहून ठेवावे लागले.

तपासणीस जाणारे जाणते लोक काय पाहतात, हेही सांगण्यासारखे आहे. ते दिवाणखान्यात बसून चहा घेत नाहीत. आधी शौचालय पाहतात. स्वयंपाकघरात जाऊन आज काय शिजले ते पाहतात व फळ्यावर काय लिहिले आहे त्याशी ताडून बघतात. रात्री किती पहारेकरी असतात हे विचारतात. कोणास बांधून ठेवले, किती वेळ, कोणाच्या आज्ञेने, याची नोंद मागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, रोग्याशी एकांतात बोलतात, कर्मचारी जवळ उभे नसताना. युरोपातील देशांनी यासाठी १९८९ साली एक समिती नेमली असून ती तुरुंगांप्रमाणेच मनोरुग्णालयांनाही भेटी देते. सभासद देशांत ती आगाऊ दिवस न सांगताही जाऊन धडकू शकते. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्यातही अशा संस्थांवर स्वतंत्र देखरेख असावी असे कलम आहे. भारताने तो करार २००७ साली मान्य केला.

तेव्हा सारे ठाकठीक झाले काय? नाही. जानेवारी २०२३मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ग्वाल्हेर, आग्रा व रांची येथील मनोरुग्णालये पाहून देशातील ४६ सरकारी संस्थांच्या स्थितीबद्दल अतिशय कठोर शब्द वापरले. बऱ्या झालेल्यांनाही तेथे ठेवून घेतले आहे, हा त्यातला मोठा आक्षेप. महाराष्ट्रातही ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील अशा रोग्यांचा प्रश्न मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेमुळे उच्च न्यायालयापुढे आला. दहा-दहा वर्षांहून अधिक काळ आत राहिलेले लोक. आता येथे मात्र कुलूप केवळ रुग्णालयाचे नसते. पत्ता चुकीचा लिहून देणारे भाऊ असतात, घर बदलून गेलेले मुलगे असतात, "येथेच असू द्या, खर्च आम्ही देतो" म्हणणारे नवरे असतात. कुटुंब नेत नाही एवढ्याच कारणासाठी कोणासही रुग्णालयात ठेवू नये, असे कायदा म्हणतो. पण मग त्याने जावे कोठे? त्यासाठी निवारे हवेत, आणि ते फार थोडे आहेत. येथे कायद्याची गाडी अडली आहे असे आमचे मत आहे.

तरी ही वाट चालून दाखविणारेही आहेत. मुंबईचे डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी एकदा एका तरुणास नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना पाहिले. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात नेले, बरे केले. तो आंध्रातला शिकलेला मुलगा निघाला. त्यातून १९८८ साली 'श्रद्धा' ही संस्था जन्मास आली. आज कर्जत येथे रस्त्यावर सापडलेल्या रोग्यांवर उपचार होतात आणि बरे झालेल्यांस कार्यकर्ते सोबत जाऊन, बहुधा आगगाडीनेच, आपापल्या गावी पोहोचवतात. डॉ. वाटवानी यांस २०१८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

हा विषय वर्गात निघाला, त्याच आठवड्यात एक विद्यार्थिनी शाळा सुटल्यावर मागे थांबली. तिच्या एका नातेवाइकास गावी गोठ्यात बांधून ठेवतात, असे तिने सांगितले. "चांगली माणसं आहेत सर ती. त्यांना दुसरं काही सुचत नाही." आम्ही तिच्यावर अविश्वास दाखविला नाही, आणि त्या माणसांस दुष्टही म्हणालो नाही. घरात कोणास असे डांबले किंवा छळले जात असेल तर त्याची वर्दी पोलिसांस देण्याचा कोणासही अधिकार आहे. दंडाधिकारी त्या माणसास रुग्णालयात नेऊन तपासण्याचा हुकूम देऊ शकतात. हे आम्ही तिला सांगितले आणि तिच्या वडिलांस भेटलो. त्यापुढचे येथे लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही.

पुलाखालच्या माणसाविषयी मात्र लिहिता येते. एका शनिवारी दुपारी तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी, त्याचा एक मित्र व आम्ही असे तिघे पोलीस ठाण्यात गेलो. अधिकाऱ्यांनी आम्हांस बसवून घेतले. मनुष्य सरकारी रुग्णालयात आहे, औषध सुरू झाले आहे, खबर नोंदविलेली आहे, असे त्यांनी सांगितले व नोंद वाचून दाखविली. नाव: अज्ञात. वय: सुमारे पंचेचाळीस. गाव: अज्ञात.

विद्यार्थ्याने हात वर केला. वर्गातली सवय! त्याचे वडील स्टेशनाबाहेर चहाची गाडी लावतात, आणि तो रोज सकाळी त्यांच्या मदतीस असतो.

"साहेब, तो अहिराणी बोलायचा. प्रत्येक गाडीला एकच विचारायचा, दोंडाईचाला थांबते का म्हणून."

अधिकारी गुजराती होते. गावाचे नाव त्यांनी दोनदा विचारून घेतले, तरी ते नीट उमजेना. तेव्हा मुलाने वहीचे पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले: दोंडाईचा, जिल्हा धुळे. त्यांनी ते गुजराती लिपीत नोंदवहीत उतरवून घेतले, आणि तेथील ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक शोधण्यास हवालदारास सांगितले.